इंग्रजीच्या वर्गात 'माझं घर, माझ्या स्वप्नातलं घर': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषण वर्गात नोकरदार आहेत, गृहिणी आहेत, कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त मंडळीही आहेत. 'घर' हा विषय आला की यातले बरेचसे प्रश्न दर तुकडीत विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला नको. ती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. काही प्रश्न शिकवणाऱ्यांचे आहेत, तेही यातच घेतले आहेत.

बोलायला इतके विषय असताना घरच का?

कारण या विषयावर प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. क्रिकेट सगळ्यांना कळत नाही, राजकारणावर बोलायला काहींना नको वाटतं. राहायला मात्र प्रत्येक जण कुठेतरी राहतोच.

दुसरं कारण अभ्यासक्रमाचं आहे. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली भाषा शिकण्याच्या पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. ए वनपासून सी टूपर्यंत अशा तिच्या सहा पातळ्या आहेत आणि जगभरातली इंग्रजीची पुस्तकं आज तिच्यावर बेतलेली असतात. 'मी कुठे राहतो' हे साध्या वाक्यांत सांगता येणं ही त्यातली अगदी पहिली, ए वन पातळी. आपली स्वप्नं, आशा सांगता येणं आणि मतामागची कारणं थोडक्यात देता येणं ही तिसरी, बी वन पातळी. म्हणजे 'माझ्या घरात दोन खोल्या आहेत' इथून निघून 'मला असं घर हवं, कारण...' इथपर्यंत पोचलात, तर दोन पायऱ्या चढलात. विषय मात्र तोच राहतो.

माझं स्पष्ट मत आहे की खरी गंमत या दुसऱ्या भागात आहे. घराचं वर्णन पाच मिनिटांत संपतं. काय हवं आणि का हवं हे विचारलं की एरवी गप्प बसणारी माणसंही बोलायला लागतात.

माझं घर लहान आहे, भाड्याचं आहे. सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटतो. काय करू?

सांगू नका. कुठल्याही इंग्रजी वर्गात तुमच्या घराचा आकार, भाडं किंवा पत्ता सांगण्याची सक्ती असता कामा नये. वाक्यं तुमची हवीत, माहिती खासगी ठेवलीत तरी चालते. आजोळच्या घराबद्दल बोला, होस्टेलच्या खोलीबद्दल बोला, कामाच्या वाटेवर रोज दिसणाऱ्या आणि आवडणाऱ्या एखाद्या घराबद्दल बोला.

शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 'हाउ मेनी रूम्स आर देअर इन युवर हाउस?' हा प्रश्न पुस्तकात पहिला असला तरी वर्गात पहिला विचारू नका. मुंबई-ठाण्यात एका खोलीत सहा माणसं राहतात आणि तुमच्यासमोर बसलेल्यांत त्यातलं कुणीतरी असणारच. त्याऐवजी विचारा, 'व्हॉट्स युवर फेवरिट स्पॉट ॲट होम?' घरातली आवडती जागा एका खोलीत राहणाऱ्यालाही असते. दाराबाहेरची पायरी असते, खिडकीचा कठडा असतो, रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी मिळणारी अर्धी फूट जागा असते.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण सांगते. त्या वर्गात फार कमी बोलायच्या. स्वप्नातल्या घराबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'आय वॉन्ट विंडो.' आणि थांबल्या. कुठे, असं विचारल्यावर 'निअर मशीन' आलं. कशाला, असं विचारल्यावर त्यांनी हातानेच सुईत दोरा ओवून दाखवला. बाकीच्यांनी शब्द पुरवले आणि तासाच्या शेवटी त्यांचं वाक्य झालं: 'आय वुड लाइक अ बिग विंडो नेक्स्ट टू माय सुइंग मशीन, सो दॅट आय कॅन थ्रेड द नीडल विदाउट स्विचिंग ऑन द लाइट.' वर्गातल्या कुणाच्याही बंगल्याच्या वर्णनापेक्षा हे वाक्य सरस होतं, कारण त्यात नेमकी गरज होती आणि तिचं कारणही होतं.

'माय ड्रीम हाउस' हा निबंध शाळेपासून पाठ आहे. तोच म्हटला तर चालेल का?

म्हणता येईल, पण बोलता येणार नाही. पाठ निबंधात समुद्रकिनारा असतो, पोहण्याचा तलाव असतो, मागे हिरवी बाग असते. समोरच्याने एकच प्रश्न विचारला, 'हू विल क्लीन द पूल?', की सगळं अडतं, कारण त्या घरात तुम्ही मनानेसुद्धा कधी राहिलेला नसता.

निबंध टाकून द्यायची गरज नाही. त्यातली तीन वाक्यं ठेवा आणि प्रत्येकापुढे 'बिकॉज' किंवा 'सो दॅट' जोडून स्वतःचं कारण घाला. बाग हवी, ठीक आहे. कशासाठी? आईला रोज पूजेला जास्वंद लागते म्हणून? मुलाला सायकल फिरवायला? की संध्याकाळी कुणाशीही न बोलता बसायला? ज्या वाक्याला कारण जोडता येत नाही ते खोडा.

स्वप्नातल्या घराबद्दल बोलताना 'विल' वापरायचं की 'वुड'?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. फरक साधा आहे. गोष्ट ठरलेली असेल तर 'विल', मनातली असेल तर 'वुड'.

समजा, फ्लॅटचं बुकिंग झालंय आणि पझेशन दिवाळीत मिळणार आहे. मग म्हणा, 'व्हेन वी गेट द कीज, वी विल पेंट द बेडरूम यलो.' चाव्या मिळणार हे नक्की आहे. आता समजा, अंगण असलेलं घर ही फक्त इच्छा आहे. मग, 'इफ आय हॅड अ यार्ड, आय वुड प्लांट अ जॅकफ्रूट ट्री.' अंगण असतं तर फणस लावला असता.

इथे मराठी बोलणाऱ्याला एक सोय आहे. आपणही 'अंगण आहे तर' म्हणत नाही, 'अंगण असतं तर' म्हणतो. म्हणजे जे प्रत्यक्षात नाही त्यासाठी क्रियापदाचं रूप बदलायची आपल्याला सवय आहेच. इंग्रजीत त्या जागी भूतकाळाचं रूप येतं: 'हॅड', 'लिव्ह्ड', 'वेअर'. अर्थ मात्र भूतकाळाचा नसतो. तेवढं लक्षात ठेवलं की 'इफ आय विल हॅव' आणि 'इफ आय वुड हॅव' या दोन्ही चुका टळतात. 'वुड' नेहमी वाक्याच्या मुख्य भागात, 'इफ'च्या भागात नाही.

आत्ता जे नाही आणि त्याची रुखरुख आहे, त्यासाठी 'विश': 'आय विश वी हॅड अ लिफ्ट.' चौथ्या मजल्यावर जिने चढून राहणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य पहिल्याच दिवशी बसतं.

'लाइक', 'प्रिफर', 'वुड रादर' यातलं कुठलं कधी?

'आय लाइक' म्हणजे नुसती आवड. दोनपैकी एक निवडायचं असेल तर 'प्रिफर', आणि त्याच्यापुढे 'टू' येतो, 'दॅन' नाही. 'आय प्रिफर अ स्मॉल फ्लॅट निअर द स्टेशन टू अ बिग हाउस फार अवे.' 'वुड रादर'चं उलट आहे. त्यानंतर क्रियापद तसंच्या तसं येतं आणि पुढे 'दॅन' येतो: 'आय वुड रादर लिव्ह निअर माय पेरेंट्स दॅन हॅव अ सेपरेट स्टडी.'

सरावाला खऱ्या निवडी घ्या. स्टेशनजवळ लहान घर की लांब मोठं? तळमजला की वरचा मजला? सासू-सासऱ्यांसोबत एकत्र की त्याच इमारतीत वेगळा फ्लॅट? शेवटच्या प्रश्नावर आमच्या वर्गात वेळ नेहमी अपुरा पडतो. तिथे 'इट डिपेंड्स' म्हणायलाही शिका, मात्र त्यानंतर 'ऑन' लावून कशावर अवलंबून आहे ते सांगा.

आपण रोज वापरतो ते 'हॉल', 'गॅलरी', 'ब्लॉक', 'टेरेस' हे शब्द परदेशी माणसाला कळतील का?

शब्द ऐकलेले असतील, पण त्याच्या डोळ्यांपुढे दुसरीच जागा येईल. इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण घराबद्दल बोलताना सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो.

आपला 'हॉल' म्हणजे बसायची खोली. ब्रिटिश माणसाच्या लेखी 'हॉल' म्हणजे दार उघडल्यावर लागणारा बोळ किंवा कार्यक्रमाचं सभागृह. त्याला 'लिव्हिंग रूम' सांगा. म्हणूनच 'टू बीएचके' हेही भारताबाहेर कळत नाही. 'अ टू-बेडरूम फ्लॅट' म्हणा. 'बेडरूम'ला इथे 'स' लागत नाही.

'गॅलरी' त्यांच्याकडे चित्रांची असते, आपल्याला म्हणायचं असतं 'बाल्कनी'. मुंबई-पुण्यातली जुनी माणसं फ्लॅटला 'ब्लॉक' म्हणतात, पण इंग्रजीत 'अ ब्लॉक ऑफ फ्लॅट्स' म्हणजे अख्खी इमारत. 'वी बॉट अ ब्लॉक' म्हणालात तर समोरचा तुम्हाला फार श्रीमंत समजेल. आपली 'टेरेस' म्हणजे गच्ची. ब्रिटनमध्ये 'टेरेस्ड हाउस' म्हणजे एकाला एक भिंत लागून असलेल्या रांगेतलं घर, आपण ज्याला रो हाउस म्हणतो ते. आणि 'बंगलो'! आपला दुमजली बंगला त्यांच्या शब्दात बसत नाही, कारण त्यांचा 'बंगलो' एकमजलीच असतो. आपला बंगला हा त्यांचा 'डिटॅच्ड हाउस'.

मजल्यांचं सोपं आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच तळमजला 'ग्राउंड फ्लोअर' आणि त्यावरचा 'फर्स्ट फ्लोअर'. अमेरिकेत मात्र तळमजल्यालाच 'फर्स्ट फ्लोअर' म्हणतात. तिकडे राहणाऱ्या मुलाकडे पहिल्यांदा जाणार असाल तर हे जरूर लक्षात ठेवा. 'फ्लॅट'ला तिकडे 'अपार्टमेंट' आणि 'लिफ्ट'ला 'एलिव्हेटर'.

आणखी दोन सवयी. 'आय स्टे इन ठाणे' हे आपल्याकडे सगळे म्हणतात, पण कायमचं राहणं असेल तर 'लिव्ह' हवं. 'स्टे' म्हणजे चार दिवस मुक्काम. आणि 'आय स्टे ऑन रेंट' ऐवजी 'आय लिव्ह इन अ रेंटेड फ्लॅट' किंवा 'आय रेंट अ फ्लॅट'.

म्हणून आपले शब्द चुकीचे ठरतात का? अजिबात नाही. नाशिकमधल्या एजंटशी इंग्रजीत बोलताना 'टू बीएचके' हाच योग्य शब्द आहे. समोर कोण आहे ते बघून शब्द निवडायचा.

ओसरी, माजघर, परसदार, माळा, मोरी यांना इंग्रजीत काय म्हणू?

काहींना जवळचा शब्द आहे. ओसरी किंवा पडवीला 'व्हरांडा', वाड्याच्या चौकाला 'इनर कोर्टयार्ड', परसदाराला 'बॅकयार्ड', पोटमाळ्याला 'लॉफ्ट'. स्वयंपाकाचा ओटा म्हणजे 'किचन काउंटर', ब्रिटिश बोलीत 'वर्कटॉप'. वास्तुशांतीला बोलावताना 'हाउसवॉर्मिंग' म्हटलं की निमित्त कळतं, पूजा आहे हे मात्र वेगळं सांगावं लागतं.

काहींना शब्द नाही, मग वाक्य करा. माजघर: 'द मिडल रूम, व्हेअर द विमेन ऑफ द फॅमिली सॅट अँड वर्क्ड.' मोरी: 'अ स्मॉल वॉशिंग स्पेस इन द कॉर्नर ऑफ द रूम.' चाळ: 'ॲन ओल्ड बिल्डिंग ऑफ वन-रूम होम्स विथ अ लाँग शेअर्ड बाल्कनी.' देवघरासाठी नुसतं 'टेंपल' म्हणू नका, ऐकणाऱ्याला घरात शिखर बांधलंय असं वाटेल. 'अ स्मॉल श्राइन ॲट होम' पुरेसं आहे.

माझा सल्ला असा की आधी मराठी शब्द म्हणा आणि मग एका वाक्यात समजावून सांगा. गोव्यातली माणसं हे फार सहज करतात. घरापुढच्या बसायच्या जागेला ती 'बाल्कांव' म्हणतात आणि मग तिथे संध्याकाळी कोण बसतं, काय गप्पा होतात ते सांगतात. ऐकणाऱ्याला शब्दही मिळतो, घरही दिसतं. कोकणातल्यांनी जांभ्या दगडाच्या भिंती आणि मंगळुरी कौलं अशीच सांगावीत. 'लॅटराइट' आणि 'क्ले टाइल्स' एवढे दोन शब्द हाताशी असले की पावसाळ्यात ते घर कसं असतं हे सांगायला मोकळे.

मी शिकवते. चर्चा 'येस, आय लाइक बिग हाउस' एवढ्यावरच थांबते. पुढे कशी न्यायची?

चर्चा थांबते, कारण समोरच्याला तुमचं उत्तर ऐकायची गरजच नसते. गरज निर्माण करा. मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रकार हा: दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने आपल्याला हव्या असलेल्या घराचा नकाशा तोंडी सांगायचा, दुसऱ्याने तो वहीवर काढायचा. 'द किचन इज ऑन द लेफ्ट, ऑपोझिट द बाथरूम.' 'विच साइड इज द विंडो?' 'बिटवीन द डोअर अँड द बेड.' चित्र चुकलं की दोघेही आपोआप प्रश्न विचारतात, 'ऑन', 'इन', 'ॲट', 'बिहाइंड', 'नेक्स्ट टू' दहा वेळा घोळतात आणि तक्ता फळ्यावर लिहायची वेळच येत नाही. शेवटी नकाशे भिंतीवर लावा आणि कुठल्या घरात राहायला आवडेल ते कारणासह विचारा.

पुढच्या पातळीच्या वर्गाला खरी घरं द्या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत बांधलेली 'कांचनजुंगा' ही 28 मजली इमारत 1983 साली पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड येते तीही तिकडूनच. कोरियांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या, बागेसारख्या खोल बाल्कन्या ठेवल्या, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन-पाऊस बाहेर अडतो. फोटो दाखवा आणि आधी विचारा, 'व्हाय डू यू थिंक द आर्किटेक्ट डिड धिस?' मग त्यांचंच नवी मुंबईतल्या बेलापूरचं काम दाखवा. तिथे लहान लहान घरं एका अंगणाभोवती आहेत आणि दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण हातात पैसा येईल तसं कुटुंबाला शेजाऱ्याला न दुखावता घर वाढवता यावं. यावर 'इफ युवर फॅमिली ग्र्यू, व्हॉट वुड यू ॲड फर्स्ट?' हा प्रश्न विचारा. आमच्या वर्गात बायकांचं उत्तर बहुधा दुसरं संडास-बाथरूम असतं आणि पुरुषांचं गाडीची जागा. त्यावरून जी जुंपते तीच खरी संभाषणाची तालीम!

लॉरी बेकर हेही नाव वर्गात घ्यावं असं आहे. 1917 साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा वास्तुरचनाकार भारतात आला, केरळमध्ये स्थायिक झाला आणि 2007 साली तिरुवनंतपुरममध्येच गेला. विटांची जाळी करून वारा-उजेड आत घेणं, जुनं लाकूड-दारं पुन्हा वापरणं, सिमेंट वाचवणं, अशा रीतीने त्यांनी कमी खर्चात देखणी घरं बांधली. स्वप्नातलं घर म्हणजे महागडंच घर, ही समजूत वर्गातून घालवायला बेकर यांच्या घरांचे चार फोटो पुरतात.

वादासाठी विषय हवा असेल तर बीडीडी चाळी घ्या. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत सरकारने बांधलेल्या या चाळींमध्ये 160 चौरस फुटांची एकेक खोली आणि पुनर्विकासात रहिवाशाला 500 चौरस फुटांचा फ्लॅट. वर्गाचे दोन गट करा. एकाने 'व्हॉट वुड यू गेन?', दुसऱ्याने 'व्हॉट वुड यू मिस?' एवढंच मांडायचं. स्वतंत्र संडास, दार लावून मिळणारा एकांत, म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट एकीकडे. गॅलरीतला गणपती, कायम उघडी दारं, आजारपणात धावून येणारा शेजारी दुसरीकडे. मात्र चाळीची आठवण काढून गहिवरणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा, सकाळी सहा वाजता सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहायला आजही आवडेल का? बोलण्यात खरेपणा येतो.

घराचा आकार आणि किंमत इंग्रजीत कशी सांगायची?

'फाइव्ह हंड्रेड स्क्वेअर फीट' म्हणा. 'हंड्रेड्स' नाही. हाच आकडा घराच्या आधी विशेषणासारखा आला की 'फीट'चं 'फुट' होतं: 'अ फाइव्ह-हंड्रेड-स्क्वेअर-फुट फ्लॅट.' युरोपातल्या माणसाला चौरस मीटरमध्ये सांगा. एक चौरस मीटर म्हणजे साधारण 10.76 चौरस फूट, त्यामुळे 500 चौरस फूट म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर.

लाख-कोटी भारताबाहेर कळत नाहीत. एक कोटी म्हणजे 'टेन मिलियन', 85 लाख म्हणजे 'एट पॉइंट फाइव्ह मिलियन', आणि पुढे 'रुपीज' म्हणायला विसरू नका.

आणखी एक. कुणाशी इंग्रजीत ओळख होत असताना 'हाउ मच डिड यू पे फॉर इट?' किंवा 'इज इट युवर ओन?' विचारू नका. आपल्याकडे 'स्वतःचं का भाड्याचं?' हा प्रश्न पटकन तोंडातून निघतो. पण तो मराठीतही लागणारा प्रश्न आहे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत हा विषय येतो का?

येतो, आणि बहुतेकदा सुरुवातीलाच. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांत असते. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी असे ओळखीचे प्रश्न असतात. दुसऱ्यात एक कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. तिथे तुम्हाला राहायला आवडेल अशा घराचं वर्णन विचारलं जाऊ शकतं. तिसऱ्यात प्रश्न वैयक्तिक राहत नाहीत. शहरात घरं महाग का झाली, तरुण मुलं आईवडिलांपासून वेगळी का राहतात, असं काहीही.

गुण ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना असतात. तुमचं घर केवढं, मत बरोबर की चूक, याला गुण नसतात. पहिल्या भागात एका शब्दात उत्तर देऊ नका, आणि निबंधही म्हणू नका. दोन-तीन वाक्यं, त्यात एक कारण. तयारीच्या एका मिनिटात वाक्यं लिहीत बसू नका, चार शब्द लिहा: कुठे, कसं, कोण, का.

उच्चारांत आपण कुठे चुकतो?

'किचन' आणि 'चिकन' घाईत अदलाबदल होतात, दोन्ही सावकाश म्हणून बघा. 'हाउस'मध्ये शेवटी 'स' आहे, पण अनेकवचनात मधला 'स' 'झ' होतो: 'हाउझिझ'. 'हाउझिंग'मध्येही तेच. गृहकर्जासाठीच्या 'मॉर्गेज'मध्ये लिहिताना 'टी' असतो, बोलताना नाही. 'प्लंबर'मधला 'बी'ही लिहिण्यापुरता, उच्चार 'प्लमर'. पाहुण्यांसाठीच्या खोल्यांचा जो 'सुइट' आपण म्हणतो, तो 'स्वीट' आहे. आणि 'विंडो', 'वॉल' म्हणताना ओठांचा चंबू करा. दात ओठाला लागले की तो 'व्हरांडा'मधला 'व्ह' होतो.

चर्चेत कुणी दुखावेल असं बोललं तर?

हा विषय तिथे जातोच. 'आमच्या सोसायटीत फक्त शाकाहारी लोकांनाच घर देतात' असं कुणीतरी अभिमानाने सांगतं, आणि त्याच वर्गात आडनाव किंवा धर्म विचारून घर नाकारलं गेलेलं कुणीतरी बसलेलं असतं. एकट्या मुलीला, एकट्या आईला भाड्याने घर मिळताना काय ऐकावं लागतं, हे तर बहुतेकींना ठाऊक आहे.

मी अशा वेळी विषय बदलत नाही. आधी असहमती दाखवायची वाक्यं देते: 'आय सी इट डिफरंटली.' 'हॅव यू थॉट अबाउट हाउ इट फील्स टू बी रिफ्यूज्ड?' 'आय अंडरस्टँड युवर पॉइंट, बट आय डोन्ट थिंक इट्स फेअर.' मग ज्याला बोलायचंय त्याला बोलू देते. कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचा आग्रह मात्र कधीच करत नाही. घर नाकारलं जाणं हा अन्याय आहे, तो नम्र इंग्रजीत पण ठामपणे सांगता आला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. परक्या शहरात घर शोधताना हीच वाक्यं लागणार आहेत.

वर्गात मध्येच मराठी बोललं तर चालतं का?

चालतं. शब्द अडला तर मराठी शब्द टाका आणि वाक्य इंग्रजीतच पूर्ण करा. अर्धं वाक्य सोडून गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

घरी सराव कसा करू? बोलायला कुणी नाही.

घर आहेच ना! एका खोलीत उभे राहा आणि दारापासून घड्याळाच्या दिशेने जे दिसेल ते मोठ्याने सांगा: 'देअर इज अ कपबोर्ड बिहाइंड द डोअर. अबव्ह इट, देअर आर टू सूटकेसेस.' दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत एकेका वस्तूबद्दल काय बदलायला आवडेल ते म्हणा: 'आय वुड मूव्ह द बेड अवे फ्रॉम द विंडो, बिकॉज द रेन कम्स इन.' तिसऱ्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, आणि जिथे 'इज' किंवा 'अ' गळला असेल तेवढंच वाक्य पुन्हा म्हणा.

जाहिरातीही वापरा. घर भाड्याने देण्याच्या वेबसाइटवर आपल्या भागातले दोन फ्लॅट निवडा आणि यातला कुठला घ्याल ते एक मिनिट बोलून सांगा. जमलं तर घरातल्या कुणाला तरी घरमालक करा आणि फोनवर चौकशी करत असल्यासारखं बोला: 'इज द फ्लॅट स्टिल अव्हेलेबल?' 'हाउ मच इज द डिपॉझिट?' 'व्हॉट टाइम डझ द वॉटर कम?' शेवटचा प्रश्न लंडनमध्ये लागणार नाही, पण आपल्याकडे घर बघताना तो आधी विचारावा.